दर सतरावं घर

टॅबवर नकाशा येतो शुक्रवार पेठेचा,
आणि नियम एकच : दर सतरावं घर.
मधली सोळा ओलांडायची,
दारात कुणी उभं असलं तरी.

मी विचारते ते आधीच छापलेलं असतं.
गेल्या दोन आठवड्यांत कशातच मन लागलं नाही, असं झालं का?
झालं असल्यास किती दिवस?
कारण नसताना छाती धडधडली का?
जगणं नको वाटलं का?
हा शेवटचा हळू आवाजात विचारा, असं प्रशिक्षणात सांगितलंय.
किती हळू, ते सांगितलेलं नाही.

पहिल्याच घरी पैलवान. कान मोडलेले, भिंतीला गदा,
गदेवर धूळ नाही.
"आमच्यात नसतंय असलं काय."
प्रत्येक प्रश्नाला न्हाई, न्हाई, न्हाई,
अंगाची माती झटकावी तसं.
मी उठले तर जिन्यापर्यंत आला.
"झोपंचं पण त्यात धरत्यात काय हो?
पहाटं तीनला तालमीत जाऊन बसतोय. मेहनतीला न्हवं.
माती गार असतीया."
मी टॅब पुन्हा उघडला.
म्हणाला, ऱ्हाऊ दे.

पापालाल मुजावर, घड्याळं दुरुस्त करतात.
कुलूप सात वेळा ओढून बघतात,
आठव्यांदा भवानी मंडपापासून परत येतात.
एवढी वर्षं त्यांना वाटत होतं, हे जगात एकट्यालाच.
"गावात किती असतील असे?"
म्हटलं, तेच मोजतोय.
भिंग डोळ्यावरनं काढून म्हणाले,
"मोजून झालं की सांगाल?"

शाहूपुरीत, कुंभार गल्लीत
पुराची खूण अजून भिंतीवर, छातीएवढी.
शालन निगवेकर भर एप्रिलात रात्री उठते,
उंबऱ्याला हात लावून बघते, ओला आहे का.
कोरडा असतो.
मग झोप येत नाही.
हे कुठल्या रकान्यात घालायचं, म्हणून साहेबांना फोन केला.
साहेब म्हणाले, इतर.

या गावात खुळा ही शिवी नाही.
रस्सा जमला, नाद खुळा.
म्हैस पळाली, नाद खुळा.
रिक्षांच्या पाठीवर तेच, रेडियमच्या अक्षरांत.
फक्त घरातल्या कुणाला म्हणायची वेळ आली
की शब्द आतल्या खोलीत जातो, कडी लावून घेतो,
आणि बाहेर सांगतात,
पोरगं पुण्याला असतंय.

सोळाव्या घरातली बाई तीन दिवस बघत होती.
चौथ्या दिवशी आडवी आली.
"ताई, आमचं कधी?"
तुमचं घर नमुन्यात आलं नाही.
"म्हणजे चिठ्ठीत नाव न्हाई?"
तसंच समजा.
"मग चिठ्ठी नसणाऱ्यानं कुणाला सांगायचं?"

टॅब पिशवीत ठेवला.
तिनंच दुधाचं जुनं कार्ड दिलं, पाठकोरं.
मी म्हटलं, गेल्या दोन आठवड्यांत
आणि प्रश्न पुरा व्हायच्या आत
ती व्हय म्हणाली.
पुढं तासभर मी काही विचारलं नाही.
कुकरच्या शिट्ट्या झाल्या, कुणी मोजल्या नाहीत.
शेवटी सीपीआरमधल्या ओपीडीचा वार लिहून दिला.
तिनं तो वाचला, घडी केली,
कुंकवाच्या डबीखाली ठेवला.

आकडे वर जातील, जिल्ह्यातून राज्यात, राज्यातून दिल्लीला.
शंभरात इतके, असं छापून येईल.
पैलवानाची झोप त्यात नसेल,
शालनचा उंबरा इतर मध्ये,
आणि दुधाच्या कार्डावरची बाई
दशांश चिन्हाच्या पुढेसुद्धा सापडणार नाही.

गंगावेशीतनं घरी चालत येते तेव्हा
कट्ट्यावर म्हशी उभ्या असतात, पेल्यांत धार पडत असते,
माणसं ओठांवर फेस घेऊन हसत असतात.
मी त्यांच्याकडे बघत नाही फार.
आमच्या गल्लीत वळले की दारं मोजते,
सवयच लागलीय.
आमचं नववं पडतं.
दिवे लागणीला भावाच्या खोलीत तेवढा दिवा नसतो.

नववं.
म्हणजे सुटलं.